न सांगितलेले नाव

फार पूर्वी वेलापट्टणात उग्रवर्मा राजाचा अंमल असताना बोधिसत्त्व समुद्रापलीकडच्या एका बेटावर, वेलापट्टणातूनच जाऊन वसलेल्या लोकांमध्ये, गणक म्हणून काम करीत होते. वसाहतीचा खर्च तपासणे हे त्यांचे काम.

वसाहतीने सुयाम नावाच्या गृहस्थाला आपला प्रतिनिधी म्हणून राजाच्या दरबारी ठेवले होते. नऊ वर्षांनी तो परतला. त्याचा हिशेब तपासून मग मेहनताना द्यायचा, असे ठरले. सगळे जुळले; मात्र एका मोठ्या रकमेपुढे ती घेणाऱ्याचे नावच नव्हते. महाजन कुंडकाने भरसभेत नाव विचारले. सुयामाचा चेहरा उतरला. त्याची नजर कोपऱ्यात बसलेल्या राजदूताकडे गेली आणि खाली वळली.

तो दूत आला होता एकाच कामासाठी. मिठाच्या जकातीवरून राजाने बेटावरचे खलाशी वेलापट्टणाच्या तुरुंगात टाकले होते, आणि एका धुकट पहाटे कोणीतरी दार उघडून त्यांना सोडले होते. खलाशांना राजाने माफ केले, पण दार उघडणारा त्याला सुळावर हवा होता.

बोधिसत्त्वांनी ती नजर पाहिली. दुपारी ते सुयामाच्या घरी गेले.

"नाव मला नको," ते म्हणाले. "पैसा कोणासाठी गेला, तेवढे सांग."

"आपल्या मुलांना ज्याने सोडले, त्याची बायकापोरे लपवायला. त्याने स्वतः काही मागितले नव्हते."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्वांनी सभेत सांगितले, "खर्च योग्य आहे. पुरावा मी देणार नाही."

दूताने मान वर केली. कुंडकाने नियम वाचला: साक्षीवाचून मंजूर केलेला खर्च गणकाने भरावा. बोधिसत्त्वांनी घर विकून तो भरला आणि होड्या ठेवायच्या छपराखाली राहायला गेले. नावाविना हिशेब पुरा धरला नाही, म्हणून सुयामाचा मेहनताना अडकला तो अडकलाच. दूत पावसाळाभर बेटावर राहिला. रोज कोणाला तरी बोलावून विचारी. त्याच्या माणसाची चाहूल लागली की सुयाम जेवता जेवता उठून दार लावी. शेवटी दूत हात हलवीत परत गेला.

पुढे राजा वारला. मग एका गलबतातून रोहक नावाचा म्हातारा बायकोमुलांसह उतरला. सुयामाचे घर विचारताना किनाऱ्यावर कुंडकाचा मुलगा दिसला, तसा तो थांबला.

"बेडीने तुझा घोटा सोलला होता. भरली का रे जखम?"

कुंडक शेजारीच उभा होता. कैद्यांत आपला मुलगाही होता, हे तो कधीच विसरला नव्हता. ते दार कोणी उघडले आणि ती रक्कम कोणासाठी गेली, हे त्याला आज कळले. तो घराचे मोल घेऊन बोधिसत्त्वांकडे गेला. ते त्याने त्यांच्यापुढे ठेवले.

बोधिसत्त्व म्हणाले, "माझे राहू द्या. आधी सुयामाची नऊ वर्षे त्याला द्या."

त्याच दिवशी ती दिली गेली.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, सुयाम तो आजचा आनंद, रोहक तो उपाली, आणि कुंडक तो तुमच्यात मान खाली घालून बसलेला हा भिक्षू. त्याला कोणी काही म्हणू नका. तो गणक मीच होतो. दुसऱ्याच्या जिवासाठी आपले घर आणि आपला लौकिक सोडणे, ही दानपारमिता, दानाची पूर्णता."