वीट फेकणारा हात

७ मार्च, शनिवार. पारा शून्याखाली सहा. सकाळी भुरभुर बर्फ, दुपारी तासभर ऊन.

लिथुआनिया नावाच्या थंड देशात, एका लहानशा गावात एक मराठी खेळाडू पगारी बास्केटबॉल खेळत असे. नाव नागनाथ धोत्रे, मूळ गाव मंगळवेढा, उंची सहा फूट सात इंच. वडील सिद्राम मिस्त्री गवंडी. कॉलेजच्या सुट्ट्यांत नागनाथ त्यांना खालून विटा फेकून द्यायचा. गुडघे वाकवायचे, दोन्ही हातांनी वीट खालून वर सोडायची. परांचीवर उभ्या असलेल्या वडिलांच्या हातात ती फुलासारखी उतरायची.

बास्केटबॉलमध्ये समोरच्याने धक्का दिला की मोकळी फेक मिळते. मध्ये कुणी आडवं येत नाही. रेषेवर उभं राहून चेंडू कडीत टाकायचा. बाकीचे खेळाडू तो डोक्यावरून टाकत. नागनाथ विटेसारखा खालून टाकायचा, आणि त्याचे दहांतले नऊ चेंडू कडीतून जायचे.

नोव्हेंबरात परगावच्या एका सामन्यात प्रेक्षकांनी त्याची ही तऱ्हा पाहिली आणि “आजीबाई! आजीबाई!” असा गजर सुरू केला. एकाने तर त्या तालावर ढोल बडवला. नागनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तोही डोक्यावरून टाकू लागला. दिसायला झोकदार, पण दहांत चारच जाऊ लागले.

प्रशिक्षक योनास म्हणाले, “बाबा रे, आजीबाईच बरी होती.”

“जमेल हो, सराव करतोय,” नागनाथ म्हणाला.

जमलं नाही. मार्च उजाडला. आज हंगामातला शेवटचा सामना, तोही त्याच ढोलवाल्यांच्या संघाशी. हरले तर संघ खालच्या गटात जाणार होता, आणि खालच्या गटात गेलेला संघ परदेशी खेळाडू ठेवणार नव्हता. नागनाथची बॅग अर्धी भरून तयारच होती.

दुपारी वडिलांचा फोन आला. ते त्याचा प्रत्येक सामना मोबाइलवर बघत.

“हात दुखतोय का रं?”

“नाही आबा.”

“मग चार महिने झालं, कुत्र्याला धोंडा हाणल्यागत चेंडू का टाकतुयास?”

“लोक हसतात, आबा.”

“हसू देत की! त्या लोखंडी कडीला ऐकू येतंय व्हय?”

संध्याकाळी सामना अटीतटीचा झाला. शेवटचे दोन सेकंद उरले तेव्हा नागनाथचा संघ एका गुणाने मागे होता, ७१–७२. आणि समोरच्याने नागनाथला धक्का दिला. दोन मोकळ्या फेका मिळाल्या.

पहिली त्याने झोकात डोक्यावरून टाकली. चेंडू कडीवर आपटला आणि बाहेर गेला. पाहुण्यांचा ढोल दणाणला.

आता एकच उरली होती. नागनाथने आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्याने गुडघे वाकवले. “आजीबाई!” पाहुण्यांची सगळी बाजू ओरडली. त्याचे कान तापले, पण हातांना सवयीचं काम मिळालं होतं. चेंडू खालून वर गेला आणि कडीला न शिवता जाळीतून उतरला. ७२–७२.

पाच मिनिटांचा जादा खेळ सुरू झाला. तिथे पाहुण्यांनी चूक केली. नागनाथ मोकळी फेक चुकवतो असं त्यांच्या कागदावर चार महिन्यांपासून लिहिलेलं. त्यांनी ठरवून त्यालाच धक्के दिले, तीनदा. तीनही वेळा दोन-दोन फेका मिळाल्या. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथीला “आजीबाई” म्हणणारे आवाज पाच-सहाच उरले. पाचवीला ढोलवाला ढोल मांडीवर ठेवून बघत बसला. “अरे, आजीबाईला कुणी धक्का देतं का!” योनास पाहुण्यांच्या प्रशिक्षकाला ओरडून म्हणाले, तेव्हा तोही हसला.

सामना ८१–७६ असा नागनाथच्या संघाने जिंकला. जादा वेळेत नागनाथच्या मोकळ्या फेका सहापैकी सहा. संघ वरच्या गटात राहिला. नागनाथचा करार एका वर्षाने वाढला.

तात्पर्य: चारचौघांच्या हसण्याला भिऊन कसलेला हात टाकू नये, हसणारे आपापल्या घरी जातात, हात मात्र आपल्यापाशी राहतो.