शेजाऱ्याची आच

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचे नाव मला आता खात्रीने आठवत नाही. चुकीचे सांगण्यापेक्षा न सांगितलेले बरे. गाव मात्र टेकडीच्या पायथ्याशी होते, याबद्दल शंका नाही. निदान फारशी नाही.

त्या गावात एक कुंभारीण राहत असे. वेशीजवळ राजाने बांधून दिलेली एक प्रचंड भट्टी होती. खाली आगीचा एकच मोठा खड्डा, आणि वर जाड भिंतींनी वेगळे केलेले खण. प्रत्येक खणाला स्वतंत्र दार, प्रत्येक दाराला स्वतंत्र कुलूप. लाकूडफाटा, राख, डागडुजी सगळे म्हातारा मुकादम बघे. कुंभारणीकडे त्यातला एक खण होता. दिवाळीच्या पणत्यांची घाई आली की ती शेजारचा रिकामा खण मागून घेई आणि सण सरला की परत करी.

तिच्या दिराने मात्र परसात स्वतःची भट्टी बांधली होती. काम बेताचे, भट्टी दांडगी. बहुतेक दिवस ती गारच असे.

"वहिनी, दुसऱ्याच्या भट्टीत किती दिवस भाजणार?" तो म्हणे. "आपली भट्टी म्हणजे मान असतो."

"मान तुमचा, भाऊजी, आणि अंडी कोंबड्यांची," ती म्हणे. कारण त्या भट्टीत कोंबड्यांनी बिऱ्हाड केले होते.

दिराची फजिती पाहून तिने मनाशी पक्के केले, स्वतःच्या भट्टीच्या भानगडीत आपण कधी पडायचे नाही.

एका वर्षी गावची विहीर आटू लागली. टेकडीवर बारमाही झरा होता. गावाने ठरवले, झऱ्याचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून खाली आणायचे. एका नळाचे निमुळते टोक दुसऱ्याच्या तोंडात बसवायचे, आणि अशी ओळ थेट गावापर्यंत आणायची. उन्हाळ्याआधी पाणी आले नाही तर गाव उठून नदीकाठी जाणार होते. काहींनी गाड्यांच्या चाकांना वंगणही घालून ठेवले होते.

"नळ मी करते," कुंभारीण भर सभेत म्हणाली. तिच्या हाताला ओळखीची माती याच गावच्या ओढ्यात होती. ती सोडून ती जाणार कुठे?

तिने सगळे नळ एकाच साच्यावर घडवले आणि आपल्या खणात खेपेखेपेने भाजले. बोटाने टिचकी मारली की खणखणीत वाजत. पण टेकडीवर नेऊन जोडायला घेतले, तर एक सैल आणि दुसरा आत जाईना.

"सांध्यांत चुना भर की, बाई," पाटील म्हणाले.

चुना भरला, पाणी सोडले. ते सांध्यासांध्यातून झिरपत गेले, आणि पायथ्याशी नुसता ओलसर पट्टा उमटला. गावकरी घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोन घरांची भांडीकुंडी गाडीत चढली.

ती तडक मुकादमाकडे गेली. "मामा, माझ्या खणात काय झालं?"

"तुझ्या खणात कोण येणार? भिंती पक्क्या आहेत. शेजारच्या खणात कौलं भाजतो त्याचं एक कौलसुद्धा तुझ्याकडे यायचं नाही."

"कौल येत नाही, मामा. त्याची आच येते. आणि आच वाढली की माती जास्त आकसते."

मुकादम म्हणाला, "खरं आहे. कौलांना कडक जाळ लागतो, कौलवाल्याच्या खेपेला मी आग वाढवतो. तो नसला की उतरवतो. तुझ्या मडक्यांनी कधी तक्रार केली नव्हती."

"मडक्याला एकट्यालाच उभं राहायचं असतं. नळाला दुसऱ्यात बसायचं असतं."

"मग माझ्याकडे तोड नाही, पोरी. आग एक आहे आणि मागणारे पुष्कळ."

घरी येताना तिला कळून चुकले. दिराचे काम लहान होते म्हणून त्याची भट्टी वाया गेली, आणि तेवढ्यावरून तिने आपल्या कामाचाही निकाल लावून टाकला होता.

ती दिराच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, भट्टी द्या."

"आता? इतकी वर्षं जिला हसलात ती?"

"हसले. आणि पुन्हाही हसेन. पण आधी कोंबड्या बाहेर काढा."

दिराने कपाळाला हात लावला, पण कोंबड्या हाकलल्या.

स्वतःची भट्टी म्हणजे काय, ते तिला लगेच समजले. लाकडे तिनेच फोडली, राख तिनेच उपसली. पहिल्याच खेपेला ओल धरलेली भिंत तडकली आणि फटीतून ज्वाळा बाहेर आली. हाक मारायला इथे मुकादम नव्हता.

"वहिनी, मागे व्हा! जळू द्या ती!" दीर ओरडला.

"चिखल आणा, भाऊजी. भुसा घालून आणा."

तोंडावर ओला पदर बांधून तिने ती फट लिंपली. मनगटाला फोड आले. पण जाळ तिने ना चढू दिला, ना उतरू दिला. पुढच्या सगळ्या खेपा तिने त्याच आचेवर काढल्या.

या वेळी नळ जोडताना चुना लागला नाही. झऱ्याचे तोंड उघडले आणि सगळे खाली धावले. बराच वेळ नुसती हवा फुसफुसत राहिली. मग गावच्या हौदात पाणी धो-धो पडले. गाडीत चढलेली भांडी खाली उतरली आणि तशीच पाणी भरायला हौदावर गेली.

पुढच्या दिवाळीत कुंभारीण पणत्या घेऊन पुन्हा मुकादमाकडे गेली.

"अगं, घरची भट्टी असताना?" तो म्हणाला.

"ती नळांना ठेवली आहे. पणत्यांना शेजार चालतो, मामा. आणि एक खण भाऊजींनाही द्या, ते बाहेर लाजत उभे आहेत."

बोध इतकाच, की सामाईकात राहावे की स्वतंत्र व्हावे, हे दुसऱ्याच्या मानावरून किंवा फजितीवरून ठरवू नये. आपल्या कामाला काय सोसते आणि काय सोसत नाही, यावरून ठरवावे.

ही गोष्ट ऐकल्यावर पुष्कळ वर्षांनी मी एका कुंभाराजवळ बसून स्वतः पाहून घेतले: एकाच मातीचे, एकाच मापाचे दोन नळ वेगवेगळ्या आचेवर भाजले, तर ते खरोखरच एकमेकांत बसत नाहीत.