दार लागत नाही

"पण ध्यान लागतच का नाही, बुवा? माझं चुकतंय कुठे, ते तरी सांगा!"

हेरंबने हे विचारलं तेव्हा अच्युतबुवा मठाच्या स्वयंपाकघरात कोरा चहा पीत बसले होते. कोरा चहा त्यांना अजिबात आवडत नाही. पण गेले काही दिवस फ्रिजमधलं दूध रोज नासत होतं, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. एकूण, शिष्याने वेळ अगदी बघून निवडली होती.

"बस," बुवा म्हणाले.

"बसून बसूनच वैतागलोय!" हेरंबचा आवाज चढला. "वडिलांशी भांडून, जाहिरात कंपनीतली चांगली नोकरी सोडून इथे आलो. डोळे मिटले की लगेच चुळबुळ सुरू. आज उत्तर द्या, नाहीतर संध्याकाळच्या एसटीने घरी जातो. कोणत्या तोंडाने जायचं, तेही कळत नाही..."

भरलेली पिशवी खरंच उंबऱ्याशी ठेवलेली होती.

बुवांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चुळबुळ सुरू झाली की काय करतोस?"

हेरंबचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ रडवेला झालेला माणूस हाच का, असा प्रश्न पडावा.

"ही चुंबकं करतो." त्याने फ्रिजकडे हात केला.

फ्रिजच्या दारावर पांढरा रंग औषधालाही उरला नव्हता. मठात येणारी पोरं विसरून जातात ती प्लास्टिकची खेळणी तिथे दाटीवाटीने चिकटली होती. सोंड तुटलेला हत्ती, ससा, सिंह, ट्रॅक्टर, एका पंखाचं विमान. प्रत्येकाची एक बाजू काचपेपरवर घासून सपाट केलेली आणि तिला मागून चुंबक डकवलेलं. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. हत्तीखाली ‘धीर’, सशाखाली ‘मौन’. सिंहाखाली, खूप वळणदार अक्षरात, ‘नम्रता’.

"लोक फोटो काढतात," हेरंब म्हणाला. "परवा एक बाई म्हणाल्या, मठात बघण्यासारखं हेच आहे."

"माहीत आहे. मी शेजारीच उभा होतो."

बुवा उठले. फ्रिजचं दार त्यांनी ढकलून बंद केलं आणि हात काढला.

सिंह, ससा, ट्रॅक्टर सगळ्यांना घेऊन दार हळूच उघडलं.

बुवांनी पुन्हा ढकललं. ते पुन्हा उघडलं. विमान खाली पडलं.

"का लागत नाही रे हे?"

"ते ना... जुना झालाय फ्रिज."

"हेरंब."

हेरंब सशाखालची चिठ्ठी सरळ करू लागला.

"हेरंब, मी सकाळपासून कोऱ्या चहावर आहे."

"चुंबकं संपली होती, बुवा. खाली गावात मिळत नाहीत. दाराच्या कडेला रबर असतं ना, त्याच्या आत एक काळी पट्टी होती. चुंबकाचीच. नुसती आत पडून होती. कुणाला दिसतसुद्धा नव्हती..."

"मग?"

"ओढून काढली. तिचे तुकडे केले."

"आणि?"

"बाहेर लावले."

फ्रिजचा दिवा उघड्या दारातून जळत होता. आत पातेल्यातलं दूध फुटून त्याचं पाणी झालेलं.

"आणि मी रोज त्या दूधवाल्याला बोल लावतोय!" बुवा कडाडले. "बिचारा काल देवाची शपथ घेऊन गेला!"

हेरंबने मान खाली घातली. मग त्याने दारावरचा सिंह काढला, उलटा केला. मागे बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा होता. तो तुकडा त्याने नखाने खरवडून पाहिला. गोंद पक्का होता, निघेना. ‘नम्रता’ची चिठ्ठी तरंगत खाली आली आणि विमानाशेजारी पडली.

त्याचे डोळे भरून आले होते आणि ते तो लपवतही नव्हता.

"बुवा..." तो म्हणाला.

बुवांनी उरलेला चहा मोरीत ओतला आणि कप पालथा घातला.

"हं. मघाशी काय लागत नाही म्हणालास?"