एक्केचाळिसावं पान

"मग फरक का पडत नाही, बुवा?"

दामूशेट कासारानं पोथी बुवांपुढे ठेवली. ठेवली कसली, आपटलीच.

पाच महिने झाले होते. रोज आठ पानं, अंगात ताप असला तरी आठ पानं. एकशेवीस पानांची पोथी, म्हणजे पंधरा दिवसांत एक पारायण. दहा पारायणं झाली आणि राग होता तिथंच, नाकाच्या शेंड्यावर.

"तुम्हीच म्हणालात, रोज वाच, माणूस बदलतो. कुठं बदललो? दोन महिन्यांपूर्वी पोर घर सोडून मामाकडे गेली!"

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात गिरधरबुवा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शेवंता का गेली?"

"मी वाचायला बसलो होतो. ती काहीतरी सांगायला आली. म्हटलं, पान पुरं होऊ दे! जरा जोरातच म्हटलं. पानं संपवून बघतो, तर दारात तिच्या चपला नाहीत."

"काय सांगायला आली होती?"

"विचारलं नाही."

"दोन महिन्यांत?"

आई नसलेली पोर होती ती. तिच्याशिवाय घर खायला उठत होतं, पण हे बुवांना सांगायचं कसं?

"गोष्ट सांग," बुवा म्हणाले. "पोथीतली."

एवढंच ना! दामूशेट सरसावून बसला. "राजा शिकारीला निघतो. ऋषी वाट अडवतो. राजा खवळतो, तलवार उपसतो…"

"मग?"

"मग राजा ऋषीचे पाय चेपत बसतो."

"मध्ये काय झालं?"

"मध्ये?"

"तलवार उपसलेला माणूस पाय चेपायला कसा बसला?"

दामूशेटनं डोकं खाजवलं. "पोथीत तसंच आहे."

"तू दहा वेळा वाचलंस. एकदाही मनात आलं नाही?"

बुवांनी अडकित्त्यानं पोथीकडे खूण केली.

"पानांवर आकडे आहेत. चाळीसनंतर काय येतं?"

दामूशेटनं घाईघाईनं रुमाल सोडला. पोथीची पानं सुटी असतात. वाचलेलं पान उलटून डावीकडे ठेवायचं आणि पुढचं उचलायचं. त्यानं चाळिसावं पान उलटलं. खाली बेचाळिसावं होतं.

"शेवटच्या दिवशी आठाऐवजी सातच पानं उरायची. तेही कळलं नाही?"

"कळायचं की. बरं वाटायचं, आज लवकर सुटलो म्हणून."

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना कपाळावर हात मारताना कुणी पाहिलं नव्हतं. आज दामूशेटनं पाहिलं.

मग ते उठले आणि समोरच्या कोनाड्यातलं चष्म्याचं घर बाजूला केलं. त्याखाली एक पान होतं.

"पोथी तुला दिली त्या दिवसापासून इथंच आहे. दर एकादशीला तू येतोस आणि याच्यासमोरच बसतोस."

दामूशेटला तोंडात मारल्यासारखं झालं. बोटानं टिचकी मारून हंड्याची चीर ओळखणारा माणूस तो! त्याला बुवांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतं रडू येऊ लागलं.

"पाच महिने मला फसवलंत, बुवा."

"मी एकच पान काढलं होतं, दामोदर. बाकीची तुझ्यापाशीच होती."

"द्या ते. आत्ता वाचतो. इथंच बसून वाचतो."

त्यानं हात पुढे केला. बुवांनी पान मागे घेतलं. पोथी रुमालात बांधून कोनाड्यात ठेवली, आणि ते एकच पान घडी न घालता कोऱ्या पंच्यात गुंडाळून त्याच्या हाती दिलं.

"मामाच्या गावाला जा. हे शेवंताला वाचायला सांग."

"आणि मी?"

"तू ऐक. मध्ये बोलू नकोस."