ओतशाळेतली बिघडल्या कामाची फळी

नदीकाठच्या एका गावात एक ओतारी राहायचा. हातात कसब होतं, पण गडी मानी. एका कुंभारणीशी त्याची भागीदारी होती. ती मातीचे साचे घडवायची आणि तो त्यांत वितळलेलं कासं ओतायचा.

त्यांच्या ओतशाळेत दाराशेजारीच एक लांब फळी होती. तिच्यावर चांगला माल नसायचा बरं का. जे बिघडलं ते तिथं मांडायचं, असा दोघांचा शिरस्ता. रोज सकाळी दोघं फळीपुढं उभे राहायचे.

"माती ओली राहिली माझी, दादा," कुंभारीण म्हणायची.

"आणि ताई, मी घाई केली," तो म्हणायचा. मग हसतहसत कामाला लागायचे.

दर वर्षी या ओतशाळेतून काहीतरी नवं निघायचं. कधी तेलाचा थेंब न सांडणारी समई, कधी आठ दिवस पाणी गार ठेवणारी घागर. लांबच्या बाजारातले लोक विचारायचे, यांना सुचतं तरी कसं? अहो, त्या फळीवरूनच सुचायचं.

एकदा एक बडा व्यापारी आला. फळीकडं बोट दाखवून म्हणाला, "एवढं बिघडवतं कोण? तुम्ही, की ही बाई?"

ओतारी पटकन बोलून गेला, "साच्यातच खोट असली की असं होतं."

कुंभारीण शेजारीच माती मळत होती. तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं फळीवर काही ठेवलं नाही, तिसऱ्या दिवशी यानंही नाही. आठवड्यानं फळीच निघाली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, मिटलं तरी असतं. इथं दोघं गोडच बोलत राहिले, आणि दोन वर्षं त्या ओतशाळेतून नवं असं काहीच निघालं नाही.

पैलतीरावर सखल जागी एक वाडी होती. ओताऱ्याची एकुलती एक लेक तिथं दिलेली. डोंगरात पाऊस झाला की नदी बघताबघता फुगायची आणि वाडीला पत्ताही लागायचा नाही. म्हणून गावकरी आले. म्हणाले, "पैलतीरी ऐकू जाईल अशी घंटा करा. इतकी मोठी कुणी केलेली नाही, पण तुम्ही कराल."

ओताऱ्याला लेकीचं घर डोळ्यांपुढं दिसलं. त्यानं कुणाला न सांगता लहान घंट्या ओतून पाहिल्या. नेहमीच्या काशाची घंटा तडकायची. त्यातलं कथील कमी केलं तर तडकत नव्हती, पण अंगभर भोकं पडत होती. आपला उपाय फसला असं समजून त्यानं त्या ओतशाळेमागच्या चिंचेखाली पुरून टाकल्या. शेवटी जुन्याच रीतीनं मोठी घंटा ओतली. तिला केसाएवढी चीर दिसली. त्यानं चिरेत मेण भरलं आणि घंटा घासून लखलखीत केली. पूजेच्या दिवशी ती हळूच वाजवली. सगळे खूश झाले.

श्रावणात भरदुपारी पाणी चढलं. राखणदारानं जीव खाऊन टोले दिले. चिरेमुळं आवाज बद्द निघाला, पैलतीरी पोचलाच नाही, आणि तिसऱ्या टोल्याला घंटा उभी फुटली.

पाणी ओसरल्यावर लेक नावेतून आली. वाडीतली तीन माणसं गेली होती. त्यांत तिचा सासरा होता.

"बाबा, आम्ही कान देऊन बसलो होतो," ती म्हणाली. "घंटा का वाजली नाही?"

बाप तसाच उठला.

मग तो कुदळ घेऊन चिंचेखाली गेला. आपल्या घंट्या कुंभारणीला दाखवायच्या, सगळं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. पण कुदळ लागली ती दुसऱ्याच घंट्यांना. त्या तडकलेल्या होत्या, पण अंगाला एक भोक नव्हतं.

"त्या माझ्या," मागून कुंभारीण म्हणाली. "तुमच्या मागं मीच ओतल्या. साच्याच्या मातीत भाताचं तूस मिसळलं होतं. तरी तडकल्याच. तुम्हाला सांगायची लाज वाटली, दादा."

त्यानं आपल्याही घंट्या उकरून शेजारी ठेवल्या. दोघं बघत राहिले. तिचा साचा आणि त्याचं कासं एकत्र आलं असतं, तर भोकंही पडली नसती आणि चीरही. उत्तर उन्हाळाभर एकाच झाडाखाली पुरलेलं होतं.

"त्या दिवशी व्यापाऱ्यापुढं मी तुझ्यावर ढकललं, ताई," तो म्हणाला. "ती चूक माझी."

"मलाही तेव्हाच बोलता आलं असतं," ती म्हणाली, आणि दोघंही रडले.

पंधरा दिवसांत नवी घंटा टांगली. पहिल्याच टोल्याला पैलतीरावर माणसं घराबाहेर आली. लेकीनं काठावरून हात वर केला. तिच्या सासऱ्याला मात्र ती घंटा कधीच ऐकू गेली नाही.

फळी पुन्हा दाराशेजारी लागली. तिच्यावर पहिली वस्तू ठेवली ती फुटलेल्या घंटेची मेण भरलेली कपची. ती ओताऱ्यानं आपल्या हातानं ठेवली, आणि कुणी विचारलं की सांगायचा, "ही माझी."

तात्पर्य एवढंच: ज्या भागीदारांना आपलं बिघडलेलं काम एकमेकांपुढं ठेवता येतं, त्यांच्याच हातून नवं काही घडतं; जिथं चूक लपवावी लागते, तिथं उत्तरही पुरलं जातं.