रणधीररावांचा मास्क

"मग हा घेऊ का तो, एवढं तरी सांगाल का बाई?"

रणधीरराव जाधवांच्या एका हातात काळा मास्क होता, दुसऱ्या हातात निळा. पुढ्यात चटईवर पोहताना पायात चढवायच्या फिन्सचे जोड पसरले होते.

देवबागच्या किनाऱ्यावर आपल्या डायव्हिंग शाळेच्या ओट्यावर तोरसकरबाई सुकवलेल्या कोळंबीचे सोडे निवडत बसल्या होत्या. अर्ध्या कोकणाला पाण्याखाली उतरायला शिकवलेली बाई. मान वर न करताच म्हणाल्या,

"दोन्ही चांगले आहेत."

"चांगले असतील हो! पण मला कुठला?"

बाई सोडे निवडत राहिल्या.

हे असलं गप्प बसणं रणधीररावांच्या अगदी डोक्यात जायचं. तिकडे कराडात त्यांनी नुसतं खाकरलं तरी चार माणसं उभी राहायची, आणि इथं ही बाई साध्या प्रश्नाला उत्तर देईना!

वेळ तरी कुठं होता? समोर होडी लागली होती आणि होडीत त्यांची केतकी बापाची वाट बघत होती. केतकी बाईंचीच जुनी शिष्या. तिला अंदमानात प्रवाळांच्या अभ्यासाचं काम मिळालं होतं, आणि येते की नाही ते उद्या कळवायचं होतं. रणधीररावांनी घर डोक्यावर घेतलं होतं. एकुलती एक पोर, समुद्राच्या तळाशी कसली नोकरी करते? पण केतकी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, एकदा माझ्याबरोबर खाली या. डोळ्यांनी बघा. मग नको म्हणालात तर नाही जाणार."

त्यांनी शब्द दिला होता. आणि शब्द दिल्यापासून मास्क गळत होता.

पहिल्या मास्कला घरच्यांनी नवी वस्तू म्हणून हळदीकुंकू लावलं होतं. काचेवर ठसठशीत स्वस्तिक! रणधीररावांनी तो तसाच चढवला. पाण्यात डोकं घातल्याबरोबर मास्कमध्ये पाणी शिरलं, कुंकू विरघळलं, आणि "रक्त! रक्त!" करत हा गडी असा काही बाहेर पळाला की सगळा किनारा गोळा झाला. तेव्हापासून तो मास्क अपशकुनी ठरला. नंतरचे हे दोन, काळा आणि निळा, तेही गळके निघाले. मिशीवर मास्क नीट बसत नाही, असं बाईंनी सांगितलं म्हणून लग्नापासूनची मिशी उतरवून झाली होती, ते दुःख वेगळंच. तरी पाणी शिरायचं ते शिरतच होतं.

"बरं, फिन्सचं तरी सांगा. हे लांब घेतलेत, तरबेज लोक वापरतात तसले."

"घातल्यावर बोटं हलतात?"

"हलायची कशाला? चांगले घट्ट बसलेत."

"पायात गोळे येतील. ते आखूड घ्या."

"ते शिकाऊ लोकांचे आहेत!"

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं.

"आणि तुम्ही?"

रणधीररावांनी निमूट आखूड जोड ओढला. मास्कचा विषय मात्र सोडला नाही.

बाईंनी सुस्कारा सोडला, हात पदराला पुसले आणि काळा मास्क त्यांच्या तोंडावर टेकवला. पट्टा मोकळाच ठेवला.

"नाकानं श्वास ओढा."

सोड्यांच्या वासासकट त्यांनी श्वास ओढला. बाईंनी हात काढला. मास्क तोंडाला चिकटून राहिला.

मग निळा लावला. तोही राहिला. मग तो कुंकवाचा. तोही!

"तिन्ही बसतात," बाई म्हणाल्या.

"मग पाणी शिरतं कुठून?" रणधीरराव कडाडले. "एवढं विचारतोय, तर धड सांगत का नाही?"

"चला पाण्यात!" बाई उठल्या.

फिन्स घालून ते तरातरा निघाले आणि दुसऱ्याच पावलाला वाळूत तोंडघशी पडले.

"पाठ फिरवा. उलटे चाला."

"समुद्राकडे पाठ करून?"

"हो!"

पुटपुटत, मागे मागे सरकत, एकदाचे ते बाईंबरोबर छातीभर पाण्यात पोचले. तिथं काळा मास्क चढवला, पट्ट्याची टोकं धरली आणि सवयीनं करकचून आवळली. गाल वर आले, डोळे बारीक झाले.

"सैल करा."

"सैल?"

"सैल करा म्हणते ना!"

"बाई, आवळूनसुद्धा पाणी शिरतंय. सैल केल्यावर काय होईल?"

बाईंनी त्यांच्या तोंडावरून मास्क ओढून काढला. पट्टा दोन्ही बाजूंनी सोडवला, आपल्या कमरेला खोचला आणि नुसता मास्क त्यांच्या हातात दिला.

"उतरा."

"तुम्ही मला बुडवणार आज!"

"रणधीरराव, उतरा!"

आवाज एवढा चढला की होडीत केतकी उठून उभी राहिली.

रणधीररावांनी छाती भरून घेतली, दोन्ही तळव्यांनी मास्क दाबून धरला आणि गुडघ्यांवर बसले. पाणी डोक्यावरून गेलं. वरून बाईंचा हात आला. त्यानं त्यांचा एक तळवा बाजूला केला... मग दुसरा.

आता शिरणार, म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.

काहीच शिरलं नाही.

डोळे उघडले. स्वच्छ वाळू दिसत होती. गुडघ्याशी एक पट्टेरी मासा घुटमळत होता. आणि पलीकडून केतकी येत होती. तिनं होडीतून उडी मारली होती. वाळूच्या जरा वरून, कसली घाई नाही, धडपड नाही, अंगणात फिरावं तशी येत होती. घरी बापासमोर खांदे पाडून बसणारी पोर हीच का? आपल्या लेकीला रणधीररावांनी असं कधी बघितलंच नव्हतं.

श्वास संपला तसे ते वर आले.

"बाई... पट्टा नाही, हात नाही. धरला कशानं हा?"

"पाण्यानं. बाहेरून तेच दाबतं. तुम्ही आवळता, म्हणून कड दुमडते आणि शिरतं."

केतकीही वर आली होती. चार हात अंतरावर उभी राहून बापाच्या तोंडाकडे बघत होती.

बाईंनी कमरेचा पट्टा काढून पुढे केला. त्यांनी तो मास्कमध्ये ओवला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"बाई, मग हा... किती घट्ट ठेवायचा?"

बाईंनी केतकीकडे बघितलं. मग त्यांच्याकडे.

"चुकून सुटला तर हरवू नये... इतकाच."