टिपणं

“शेवट का बदललास?”

केतकी हसली. ती याच प्रश्नाची वाट पाहत होती.

वेणूबाई सरनोबत ऐन तारुण्यात कॅमेरा घेऊन लढाईच्या आघाडीवर गेल्या होत्या. तेव्हा बायकांना तिथे कुणी उभंही करत नसे. केतकीने त्यांच्यावरच सिनेमा केला होता. आत्ताच तो लॅपटॉपवर दाखवून झाला होता. आता फक्त बाईंचा होकार हवा होता. त्या नाही म्हणाल्या, तर सिनेमा डब्यातच राहणार होता.

“स्पष्ट बोलू, बाई? लोक तुम्हाला दगडाच्या काळजाची म्हणाले असते. एक कोवळा जवान पुढ्यात प्राण सोडतोय आणि तुम्ही फोटो काढताय... म्हणून माझी नायिका कॅमेरा फेकून देते आणि त्याचे डोळे टिपते.”

बाईंनी चहाचा घोट घेतला.

“त्याला समोरच्या टेकडीवरून कुणीतरी टिपलं. मग मी टिपलं. आता तू टिपतेस... शब्द एकच आहे, बघ.”

“शब्दांवर नका नेऊ. तुमच्या जागी मी असते ना, तर कॅमेरा खाली ठेवला असता.”

“असं?”

“अगदी असंच.”

“मोठ्या मनाची आहेस गं...” बाई खुर्चीत मागे रेलल्या. “होकाराचं मग बघू. आधी माझा एक फोटो काढ. तुझ्या नटीचं नाक फारच सरळ आहे.”

केतकीने गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीतलं ऊन बाईंच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं होतं.

“हनुवटी जरा वर... हां, अशीच.”

कप फुटला.

बाईंची मान एका बाजूला कलली. डोळे उघडेच राहिले. हात खुर्चीवरून लोंबकळला आणि बोटांवरून चहा ठिबकू लागला.

खट्. खट्... खट्.

हा आवाज आपल्याच बोटाचा आहे, हे केतकीला उशिरा कळलं.

“बाई!”

ती धावली. तिने बाईंचे खांदे गदागदा हलवले.

बाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या. सरळ बसल्या. ओली बोटं लुगड्याला पुसली.

केतकी मटकन खाली बसली, कपाच्या तुकड्यांशेजारीच. ती आपल्या बोटाकडे अशी पाहत होती, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

“मी आधी...” तिने बाईंकडे पाहिलं. “मी आधी फोटो काढला, बाई.”

“हं.”

“आणि मग धावले.”

“मीही धावले होते.”

केतकी कपाचे तुकडे गोळा करू लागली.

मग बाई पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “नीट आलाय का बघ. नसेल, तर मी पुन्हा मरून दाखवते.”